मोजलेले पेट्रोल, तोललेले पेट्रोल



तालुक्याच्या गावी कापडाचे दुकान चालविणाऱ्या एका वाचकबंधूंनी गेल्या महिन्यात विचारणा केली आहे. दुकानासाठी त्यांनी पेट्रोलवर चालणारा लहान जनरेटर घेतला. सोबतच्या माहितीपुस्तिकेत इंधनाचा खर्च 'दर युनिटला ४०० ग्रॅम' असा दिलेला आहे. दुकानातील दिवे, पंखे आणि संगणक मिळून तासाला दोन युनिट वीज लागते. म्हणजे तासाला ८०० ग्रॅम पेट्रोल. त्यांनी ते तासाला ०.८ लिटर असे धरले आणि वार्षिक खर्चाचा अंदाज बांधला. तीन महिन्यांत पेट्रोलचा खर्च अंदाजाच्या सव्वापटीहून अधिक झाला, तेव्हा त्यांना प्रथम विक्रेत्याचा आणि नंतर दुकानातील मुलाचा संशय आला. 'यांतले खरे कोण?' असा त्यांचा प्रश्न आहे.

दोघेही खरे असण्याची शक्यता पुष्कळ आहे. पुस्तिका ग्रॅममध्ये बोलते आणि पंप लिटरमध्ये. पाण्याच्या बाबतीत या दोन भाषांत फरक पडत नाही, कारण एक लिटर पाणी जवळजवळ एक किलो भरते. बहुधा यामुळेच लिटर आणि किलो ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत अशी समजूत आपल्या मनात रुजलेली असते. पेट्रोल पाण्याहून बरेच हलके आहे. भारतीय मानकाप्रमाणे १५ अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर, म्हणजे एक हजार लिटर पेट्रोलचे वस्तुमान ७२० ते ७७५ किलो या मर्यादेत असले पाहिजे. याच आकड्याला घनता म्हणतात.

रीत अगदी सोपी आहे. किलोवरून लिटर काढायचे तर किलोच्या आकड्याला घनतेने भागायचे. लिटरवरून किलो काढायचे तर गुणायचे. आकडा एकदाच घेतलेल्या मालाचा असो की तासाला वाहणाऱ्या प्रवाहाचा, नियम तोच. 'तासाला इतके किलो' याला 'लिटरमागे इतके किलो' याने भागले की 'तासाला इतके लिटर' हाती येतात. आपल्या वाचकबंधूंच्या पेट्रोलची घनता लिटरमागे ०.७२८ किलो धरली, तर ०.८ भागिले ०.७२८, म्हणजे तासाला साधारण १.१ लिटर. रोज चार तास आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर ८३ लिटरच्या जागी ११४ लिटर लागतात. महिन्याला ३१ लिटरचा फरक! तो विक्रेत्याने केलेला नाही आणि दुकानातील मुलानेही केलेला नाही. त्या मुलाला कुणी काही बोलले असेल, तर त्याच्याजवळ दोन शब्द बोलून ते मिटवावे, एवढी विनंती येथेच करून ठेवतो.

आता ०.७२८ हा आकडा मी कोठून आणला, हे चाणाक्ष वाचक विचारतीलच. पंपाच्या फलकावर किंवा पावतीवर घनता दिलेली असते आणि तेथे ७४१ सारखा आकडा दिसतो. तो आकडा १५ अंश तापमानाचा असतो. आपल्याकडे वर्षातील बहुतेक काळ पेट्रोल इतके थंड नसते. ते तापले की फुगते. प्रत्येक अंशामागे त्याचे आकारमान साधारण ०.१२ टक्के वाढते, डिझेलचे त्याहून कमी, सुमारे ०.०८५ टक्के. १५ अंशाला ७४१ घनता असलेले पेट्रोल ३० अंशाला ७२८ च्या आसपास येते. वजन तेच राहते, फक्त ते अधिक जागा व्यापते. एक हजार किलो पेट्रोल १५ अंशाला सुमारे १,३५० लिटर भरेल, तर ३० अंशाला सुमारे १,३७४ लिटर. मधल्या २४ लिटरसाठी कोणी पेट्रोलचा एक थेंबही आणून टाकलेला नाही.

म्हणून वजन हा मालाचा पक्का आकडा आहे आणि लिटर हा त्या घटकेचा आकडा आहे. घनता आणि तापमान सोबत लिहिलेले नसेल, तर किलोवरून लिटरवर केलेले रूपांतर हिशेब म्हणून अपुरे असते. बँकेत आम्ही तारीख नसलेला धनादेश जसा परत करीत असू, तसाच हा प्रकार आहे.

सीएनजी किलोने का विकतात, याचे उत्तरही यातच आहे. वायू तर दाब आणि तापमान यांप्रमाणे कितीतरी अधिक फुगतो आणि आकसतो. त्याचे लिटर मोजून विकणे अशक्यच. तेथे कोरिऑलिस नावाच्या तत्त्वावर चालणारे मीटर असते. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्पार-ग्युस्ताव्ह कोरिऑलिस यांच्यावरून हे नाव आले. मीटरमधील नळ्या सतत कंप पावत ठेवलेल्या असतात. त्यांतून पदार्थ वाहू लागला की नळ्यांना किंचित पीळ पडतो आणि त्या पिळावरून सेकंदाला किती वस्तुमान वाहते ते कळते. कंपनाच्या वेगावरून पदार्थाची घनताही कळते. म्हणजे भाज्य आणि भाजक दोन्ही एकाच यंत्रात मिळतात. पेट्रोलच्या पंपावरील मीटर मात्र आकारमान मोजते. नोझलमधून मिनिटाला ४० लिटर पेट्रोल वाहत असेल, तर ०.७२८ घनतेने ते मिनिटाला सुमारे २९ किलो होते. पण त्या किलोंची नोंद तेथे कोणी ठेवत नाही.

येथे एका लोकप्रिय सल्ल्याचाही समाचार घ्यावासा वाटतो. 'पेट्रोल पहाटे भरा, थंड असते, लिटरमागे जास्त मिळते' असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. पंपाची टाकी जमिनीखाली असते. तिच्यातील तापमान ऋतूप्रमाणे सावकाश बदलते. सकाळ-संध्याकाळचा फरक तेथे फारसा पोहोचत नाही. पहाटेची झोप मोडून पंपावर जाण्यापेक्षा त्या वेळात सामायिक करावे, ते अधिक लाभाचे.

आपल्या परंपरेला मोजणे आणि तोलणे यांतील भेद फार पूर्वीपासून ठाऊक आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'हीनाधिकमानोन्मान' हा एक आहे. देताना कमी मापाने देणे आणि घेताना अधिक मापाने घेणे, असा त्याचा अर्थ आपण प्रवचनांतून ऐकत आलो आहोत. पण मान आणि उन्मान असे दोन शब्द का, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. पूज्यपादाचार्यांनी सर्वार्थसिद्धी या टीकेत ते स्पष्ट केले आहे: मान म्हणजे प्रस्थासारखे भरून मोजण्याचे माप आणि उन्मान म्हणजे तराजूने तोलण्याचे. आजच्या भाषेत एक लिटर आणि दुसरा किलो. व्यापाऱ्याकडून दोष दोन्ही ठिकाणी घडू शकतो हे आचार्यांना दिसत होते. माझ्या अल्पमतीला असे वाटते, की तिसरी जागा या दोहोंच्या मधली आहे. माप खरे, तराजूही खरा, पण एकावरून दुसऱ्यावर जाताना आपल्या सोयीची घनता धरली, तर देणेघेणे हीनाधिक होतेच.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला याचा अनुभव रोजचा होता. शेर हा एकच शब्द मापालाही होता आणि वजनालाही. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, हे धान्याचे माप. ऐंशी तोळ्यांचा शेर हे वजन. मापी शेर ज्वारी तोलली तर वजनी शेराइतकी भरेलच असे नव्हते. बाजरीचे आणखी वेगळे. जुन्या पेढीवर मुनीम 'मापी' की 'वजनी' हे विचारल्यावाचून खतावणीत शब्द उतरवीत नसे. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली, किलो आणि लिटर ही दोन वेगळी नावे मिळाली आणि मग हा प्रश्न विचारण्याची सवयच मोडली.

खाद्यतेलाच्या व्यापारातील वाचकांना हे सारे नवीन नाही. एक लिटर तेलाच्या पिशवीवर ९१० ग्रॅम असे लिहिलेले आपण वर्षानुवर्षे पाहतो. मध्यंतरी काही उत्पादक पिशवीवर ६० अंश तापमानाचे आकारमान छापू लागले होते. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने दाखविलेल्या आकड्यांप्रमाणे एक लिटर सोयाबीन तेल २१ अंशाला ९१९ ग्रॅम भरते, तर ६० अंशाला सुमारे ८९२.६ ग्रॅम. म्हणजे पिशवीवर '१ लिटर' खरेच, पण आत जवळजवळ २६ ग्रॅम तेल कमी. घरातील कपाटात तेल ६० अंशाला कधी असते? ऑगस्ट २०२२ मध्ये त्या विभागाने तापमानाचा उल्लेख न करता आकारमान आणि वजन दोन्ही छापण्यास सांगितले आणि त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. पिशवीवरचा एकही आकडा खोटा नव्हता, ही यातील खरी गोम. आमच्या वाणिज्य शाखेतील भाषेत बोलायचे तर ताळेबंद जुळत होता, फक्त मूल्यांकनाचा आधार सोयीने निवडलेला होता.

रूपांतरात चुकीचा आकडा धरला तर केवढे संकट ओढवते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कॅनडातील आहे. तेथे पेट्रोल नव्हते, विमानाचे इंधन होते. हिशेब मात्र हाच. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोइंग ७६७ विमान मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले. विमानातील इंधनदर्शक यंत्र बंद होते, म्हणून टाकीत पट्टी बुडवून इंधन मोजले. ते ७,६८२ लिटर भरले. प्रवासाला २२,३०० किलो हवे होते. कॅनडा तेव्हा जुन्या मापांतून मेट्रिक पद्धतीत येत होता आणि हे विमान किलोमध्ये मोजणाऱ्या नव्या विमानांपैकी होते. लिटरचे किलो करण्यासाठी ०.८०३ ने गुणायचे होते. कर्मचाऱ्यांनी नेहमीच्या सवयीने १.७७ ने गुणले. तो आकडा लिटरमागे पौंडांचा होता! टाकीत खरे तर सुमारे ६,१७० किलो होते, ते त्यांना १३,५९७ वाटले. सुमारे २०,००० लिटर भरायला हवे असताना ४,९०० च्या आसपास भरले. ओटावाला पुन्हा मोजणी झाली, तीही त्याच गुणकाने, त्यामुळे उत्तर पुन्हा 'बरोबर' आले. पडताळणी जर मूळ चुकीच्याच आधाराने केली, तर ती पडताळणी कसली? आमच्या लेखापरीक्षकांना मी हे उदाहरण आवर्जून सांगत असे. ४१,००० फूट उंचीवर असताना इंधन संपत आले आणि दोन्ही इंजिने बंद पडली. कप्तान बॉब पिअरसन आणि सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी ते प्रचंड विमान तरंगत तरंगत मॅनिटोबा प्रांतातील गिम्ली येथे, हवाई दलाच्या एका जुन्या धावपट्टीवर उतरविले. त्या पट्टीवर तेव्हा मोटारशर्यती होत असत. विमानातील सर्वजण वाचले.

इतक्या उंचीवरून आता जमिनीवर, किंबहुना जमिनीखालच्या टाकीवर येऊ. आपल्या समाजात पेट्रोल पंप चालविणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. मी शाखेत असताना अशाच एका पंपाचे कॅश क्रेडिट खाते माझ्याकडे होते. दोन चुलतभावांची भागीदारी होती. बावीस वर्षे सेवेत असलेले एक गृहस्थ साठा आणि रोकड सांभाळीत. मे महिन्याच्या अखेरीचे स्टॉक स्टेटमेंट आले तेव्हा पेट्रोलच्या साठ्यात १,२४० लिटरची तूट दिसली. त्या महिन्यात १२,००० लिटरचे पंधरा टँकर उतरले होते, म्हणजे एक लाख ऐंशी हजार लिटर. धाकट्या भावाने त्या गृहस्थांकडे सरळ बोट दाखविले. थोरला गप्प राहिला, आणि त्याचे गप्प राहणे त्या गृहस्थांना अधिक लागले असावे. प्रकरण माझ्यापर्यंत आले ते ड्रॉइंग पॉवर कमी होईल म्हणून. न्यायनिवाडा करणे हे काही बँकेचे काम नव्हे.

तथापि साठ्याची पडताळणी हे माझे कामच होते. मी त्यांचे डेन्सिटी रजिस्टर मागविले. प्रत्येक पंपावर हे ठेवावे लागते. टँकर आला की काचेच्या उभ्या नळीत नमुना घेऊन त्यात हायड्रोमीटर आणि तापमापक सोडतात. दिसलेली घनता आणि तापमान लिहितात, तक्त्यावरून १५ अंशाची घनता काढतात आणि चलनावरील घनतेशी ती ताडून पाहतात. घनमीटरला तीन किलोपेक्षा अधिक फरक पडला तर माल संशयास्पद ठरतो. रोज सकाळी पंपावरील पेट्रोलचीही अशीच नोंद होते. भेसळ ओळखण्यासाठी ही व्यवस्था आहे, आणि त्या पंपावर ते काम त्याच गृहस्थांच्या सुंदर हस्ताक्षरात नित्यनेमाने झालेले होते. तिसरा रकाना तापमानाचा. तो बावीस वर्षांत भेसळीखेरीज दुसऱ्या कशासाठी कोणी वाचलाच नव्हता.

मे महिन्यात टँकर तापलेले येत होते. त्यांतील पेट्रोलचे तापमान भूमिगत टाकीतील तापमानापेक्षा सरासरी साडेचार अंशांनी जास्त होते. टाकीत ते निवले आणि आकसले. साडेचार अंश, अंशामागे ०.१२ टक्के, आणि १,८०,००० लिटर. गुणाकार ९७२ लिटर येतो. नंतर प्रत्येक टँकरचे लिटर त्या दिवशीच्या घनतेने गुणून किलो काढले आणि विक्री व शिल्लक यांचेही किलो काढले. किलोंच्या हिशेबात उरलेली तूट सुमारे २६८ लिटरइतकीच होती, म्हणजे एकूण मालाच्या ०.१५ टक्के. मे महिन्याच्या उन्हात, पेट्रोलसारख्या उडून जाणाऱ्या पदार्थात, टँकर उघडताना आणि टाकी भरताना इतके जाणे नवलाचे नाही. तो कागद मी तिघांसमोर ठेवला. धाकट्या भावाने तो दोनदा वाचला आणि त्या गृहस्थांना 'काका, चहा घ्या' एवढेच म्हणाला. व्यापारी घरात क्षमा अशीही मागतात.

पंपचालक वाचकांसाठी दोन गोष्टी येथेच सांगतो. ग्राहकाला द्यायच्या मापाशी या फुगण्या-आकसण्याचा संबंध जोडू नये. पाच लिटरच्या प्रमाणित मापात २५ मिलिलिटरहून अधिक फरक कायद्याला चालत नाही, आणि 'टाकीत तूट येते' हे कमी देण्याचे कारण कदापि होऊ शकत नाही. दुसरे असे, की घनतेचा जुना पाठ आकडा आता धरू नये. पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे इथेनॉल पेट्रोलपेक्षा जड आहे, त्यामुळे मिश्रणाची घनता वाढलेली दिसते. जड झाले म्हणून त्याची शक्ती वाढली असे मात्र नाही. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच असते. जनरेटरवाल्या वाचकबंधूंनीही हे ध्यानात ठेवावे. पुस्तिकेतील ४०० ग्रॅम शुद्ध पेट्रोलचे असतील, तर मिश्रणाचे ग्रॅम काहीसे अधिक लागतील.

त्या चुलतभावांच्या पंपाचे एक सांगायचे राहिले. हिशेब पटल्यावर थोरल्या भावाने मला विचारले, 'साहेब, उन्हाळ्यात आकसून तूट आली. मग थंडीत पहाटे भरलेला गार टँकर आमच्या उबदार टाकीत फुगत असेल, ती वाढ कोणाची?' प्रश्न खरा होता. तोपर्यंत हिवाळ्यातील जादा लिटर सरळ नफ्यात जात आणि उन्हाळ्यातील तूट मात्र कोणाच्या तरी माथी येत असे. त्यांनी वहीत एक नवे खाते उघडले, 'तापमान वाढ-घट खाते'. उन्हाळ्याची घट नावे आणि हिवाळ्याची वाढ जमा. पाडव्याच्या आदल्या दिवशी त्याची बाकी काढतात. ते खाते लिहिण्याचे काम पुढे सेवानिवृत्त होईपर्यंत त्या गृहस्थांकडेच होते.